तिथीवर ठरलेली अभ्याससहल

अभ्याससहलीची तारीख प्राचार्यांच्या सहीने ठरते असं विद्यार्थ्यांना वाटतं. डोंगरात जायचं असेल तर ते खरंही आहे. किनाऱ्यावर जायचं असेल तर मात्र आधी भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बघावं लागतं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराला ओहोटी. पौर्णिमेला अकरा-साडेअकराला भरती, म्हणून ओहोटी पहाटे पाच-साडेपाचला आणि पुन्हा संध्याकाळी. प्रत्येक बंदरात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण कोकणात या हिशेबावर पिढ्यान् पिढ्या होड्या सुटल्या आहेत.

खडकाळ किनाऱ्याचा अभ्यास करायचा तर पाणी जितकं मागे जाईल तितकं हवं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमी-नवमीच्या आसपास, ते फारसं मागे सरकतच नाही. उधाण हवं, आणि तेही अमावस्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांतलं, कारण त्या तिथ्यांच्या थोडं नंतरच पाणी सगळ्यात जास्त चढतं आणि उतरतं. म्हणून माघ पौर्णिमा धरली. त्याच आठवड्यात ठेवलेली अंतर्गत चाचणी पुढे ढकलून घेताना मला चंद्र-सूर्य एका रेषेत येण्याची आकृती कागदावर काढून दाखवावी लागली.

मी कोल्हापुरात एम. एस्सी.ला प्राणिशास्त्र शिकवते. सागरी आणि किनारी परिसंस्था हा आमच्याकडे एक पूर्ण पेपर आहे. शहराला पंचगंगा आहे, रंकाळा आहे, समुद्र नाही. वर्गात इचलकरंजीची, गडहिंग्लजची, जतची, कागलची मुलं-मुली. खाली त्यांची नावं लिहीत नाही, गावावरूनच ओळख सांगते.

माघ पौर्णिमा

राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली, कसाल, मालवण. दाजीपूरच्या पुढे अर्धी गाडी झोपली, आणि घाट उतरताना उरलेल्या अर्ध्या गाडीला मळमळलं. प्रवासाबद्दल एवढं पुरे.

सामानाबद्दल मात्र थोडं सांगायला हवं. पीव्हीसी पाइपच्या दोन चौकटी, पन्नास सेंटिमीटर बाय पन्नास, आत नायलॉनच्या दोऱ्याने पंचवीस घरं पाडलेली. राजारामपुरीतल्या प्लंबिंगच्या दुकानदाराने त्या करून दिल्या आणि 'कबुतरांसाठी का?' असं विचारलं. दर मीटरला रंगाची खूण केलेल्या दोन दोऱ्या, प्लँक्टन (पाण्याबरोबर वाहत राहणारे बारीक जीव) पकडायची जाळी, खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर, ऑक्सिजनच्या काचेच्या बाटल्या, थर्मामीटर, दोन सूक्ष्मदर्शक. फॉर्मेलिनचा कॅन नव्हता. आमच्या विभागाच्या संग्रहालयात जुन्या सहलींतून आणलेले तारामासे आणि प्रवाळ बरण्यांत पिवळे पडून बसले आहेत. त्या काळी सहल म्हणजे गोळा करून आणणं. २००१ पासून प्रवाळ, समुद्रघोडे, समुद्री काकड्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. लाटेने किनाऱ्यावर टाकलेला मेलेला प्रवाळसुद्धा खिशात घालता येत नाही. आता फोटो काढायचा, मोजायचं आणि जागच्या जागी ठेवायचं. मला हे जास्त पसंत आहे. बरणीतला प्राणी कुठल्या उंचीवर, कोणाच्या शेजारी बसला होता हे बरणी सांगत नाही.

संध्याकाळी जेटीवरून होडी घेतली. समोर सिंधुदुर्ग. १६६४ मध्ये कुरटे बेटावर त्याचं काम सुरू झालं, हे सगळ्यांना शाळेपासून पाठ. पण किल्ल्याभोवतीचं पाणी हे १९८७ मध्ये जाहीर झालेलं मालवण सागरी अभयारण्य आहे, २९.१२ चौरस किलोमीटरचं, हे गाडीतल्या दोघांनाच माहीत होतं. 'अभयारण्याची हद्द कुठाय?' कागलच्याने विचारलं. होडी चालवणारे तांडेल हसले आणि हाताने एक मोघम अर्धवर्तुळ काढलं. पाण्यावर तसं काहीच दिसत नव्हतं.

प्लँक्टनची जाळी दहा मिनिटं हळूहळू ओढली. तळाच्या बाटलीत आलं ते नुसतं गढूळ पाणी, त्यामुळे चेहरे पडले. लॉजवर सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब ठेवल्यावर मात्र रांग लागली. कोपेपॉड हे बारीक कवचधारी जीव, बाणासारखे सरळ पारदर्शक कीटोग्नॅथ, डायाटम या एकपेशीय शैवालाच्या साखळ्या, आणि डोक्यावर काटा असलेली झोइया, म्हणजे खेकड्याचं पिल्लू. तळाशी चालणारा खेकडा आयुष्याचे पहिले आठवडे पाण्याबरोबर वाहत काढतो. म्हणजे या खाडीतल्या कुर्ल्या पुढच्या वर्षी किती असतील हे प्रवाह आणि वारासुद्धा ठरवतो. जतची मुलगी म्हणाली, 'मग अभयारण्याच्या हद्दीचा काय उपयोग? पिल्लं तर वाहत बाहेर जाणार.' प्रश्न चांगला होता. मी तो फळ्यावर लिहिल्यासारखा वहीत लिहून ठेवायला सांगितला.

पौर्णिमेच्या उजेडात लाटांमधली चमक काही दिसेना. म्हणून समुद्राच्या पाण्याची बादली न्हाणीघरात नेली, दिवे घालवले आणि हाताने पाणी ढवळलं. निळे ठिणके उठले. नॉक्टिलुका. एकच पेशी, पण एवढी मोठी की नुसत्या डोळ्यांना साबुदाण्याच्या कणीएवढी दिसते. धक्का बसला की ती उजळते. हीच नॉक्टिलुका, तिची हिरवी जात, गेल्या काही दशकांपासून उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात प्रचंड प्रमाणात माजते आणि डायाटमची जागा घेते. डायाटम खाऊन जगणारी साखळी त्याने बदलते, आणि त्यामुळे चमकणाऱ्या किनाऱ्यांच्या व्हिडिओंखाली लोक 'स्वर्ग' लिहितात तेव्हा मला थोडं अवघडल्यासारखं होतं. त्या न्हाणीघरात मात्र मी काही बोलले नाही. दार सारखं उघडत-मिटत होतं, जो तो आपल्या हाताने ढवळत होता.

माघ वद्य प्रतिपदा

पावणेपाचला उठवलं. अंधारात बॅटऱ्या घेऊन रॉक गार्डनच्या खाली उतरलो. दिवसा इथे पर्यटक फोटो काढतात. पहाटे पाणी मागे गेल्यावर खडकांचा एक मोठा ओटा उघडा पडतो आणि त्यावर सपाट्यांत, भेगांत, डबक्यांत सगळा पेपर मांडून ठेवलेला असतो.

दोन गट केले. प्रत्येकाने वरून पाण्याच्या दिशेने दोरी टाकायची, दर दोन मीटरला चौकट ठेवायची आणि पंचवीस घरांत काय काय किती ते लिहायचं. पहिली चौकट भरायला वीस मिनिटं लागली, कारण 'काहीच नाही' असं वाटणाऱ्या खडकावर मोहरीएवढे शंख भेगेत दाटीने बसलेले होते. लिटोरिना. हे समुद्राचे प्राणी, पण जवळजवळ जमिनीवर राहतात, तोंडाची झाकणी मिटून दिवसचे दिवस कोरडे काढतात. त्याखाली बार्नॅकलचा, म्हणजे खडकाला कायमच्या चिकटून बसणाऱ्या कवचवाल्या प्राण्यांचा, पांढरट खरखरीत पट्टा. त्याखाली कालवं, धारदार कडांची, अनवाणी चालणाऱ्याला न विसरता येणारी. मग खडकाला घट्ट चिकटलेली टोपीच्या आकाराची लिंपेट, मग झोअँथिड या फुलांसारख्या दिसणाऱ्या मऊ प्राण्यांचा हिरवट गालिचा, आणि अगदी पाण्याशी सरगॅसम आणि पॅडिना ही तपकिरी शैवालं.

पट्टे पुस्तकात सरळ रेषांनी काढलेले असतात. इथे खडक तिरका, कुठे सावली, कुठे लाटेचा मारा थेट, त्यामुळे पट्टाही वर-खाली होतो. पण पट्टे आहेत, यात शंका राहत नाही. असं का होतं याचं उत्तर शोधायला जोसेफ कॉनेल स्कॉटलंडच्या कंब्रे बेटावरच्या खडकांवर बसला होता. तिथे बार्नॅकलच्या दोन जाती. लहान कॅथामॅलस वरच्या पट्ट्यात, दांडगी बॅलॅनस खालच्या. कॉनेलने खालच्या काही खडकांवरची बॅलॅनस खरवडून काढली, तर कॅथामॅलस तिथेही मजेत वाढली. म्हणजे तिला खाली जगता येत होतं, शेजारणीने जागा मिळू दिली नव्हती. बॅलॅनस मात्र वर टिकली नाही, वाळून मेली. १९६१ मध्ये छापलेल्या या कामाने किनाऱ्याचा अभ्यास बदलला. वरची मर्यादा बहुतेक वेळा ऊन-वारा ठरवतात, खालची मर्यादा शेजारी आणि शिकारी. वर्गात हे तीन ओळींत संपतं. इथे गुडघे टेकून कालवांच्या खालच्या काठावर बोट फिरवताना इचलकरंजीचा म्हणाला, 'मॅडम, मग इथं खाली कालवं कोण खातंय?'

त्याचं एक उत्तर पलीकडच्या खडकावर बसलं होतं. एक काकी लोखंडी टोकाचं हत्यार घेऊन कालवं फोडून आतला गर डब्यात टाकत होती. तिची हालचाल आमच्या नोंदीपेक्षा कितीतरी वेगवान. मुलं तिच्याभोवती जमली. ती सगळी कालवं काढत नव्हती. 'बारकी ठेवूची, मोठी काडूची,' एवढंच म्हणाली आणि पुढच्या खडकाकडे सरकली. गडहिंग्लजच्या मुलीने तिने काम केलेल्या खडकावर चौकट ठेवली, आणि न केलेल्या खडकावर दुसरी. ही कल्पना माझी नव्हती. रॉबर्ट पेनने वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावर खडकांवरून तारामासे उचलून दूर फेकले आणि १९६६ मध्ये दाखवून दिलं की एका शिकाऱ्याच्या गैरहजेरीत पंधरा जातींच्या आठ उरल्या, कारण शिंपल्यांनी सगळी जागा बळकावली. त्याचा तारामासा जगभर शिकवला जातो. कालवंवाल्या काकींना पुस्तकांत अजून फारशी जागा मिळालेली नाही. आमच्या अहवालात ती मिळेल.

डबक्यांतल्या पाण्याचा ऑक्सिजनही घेतला. पद्धत १८८८ मधली, विंकलरची. बाटली बुडवून बुडबुडा न राहू देता भरायची, मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड घालायचं, तपकिरी साका बसला की ऑक्सिजन अडकला, साका जितका दाट तितका तो जास्त. आता यंत्राच्या सळीने क्षणात आकडा येतो हे मला माहीत आहे. तरी एकदा तरी हा साका बसताना बघावा असं मला वाटतं. समुद्राच्या पाण्याचा साका दाट तपकिरी आला, शैवालाने भरलेल्या बंद डबक्याचा फिकट. रात्रभर उजेड नव्हता. शैवालही श्वास घेत होतं, गोबी मासेही, आणि नवीन पाणी आलं नव्हतं. दुपारपर्यंत हेच डबकं उन्हात तापून ऑक्सिजनने भरून गेलेलं असेल. एका दिवसात एवढी उलथापालथ सोसणारे जीव तिथे राहतात.

सातच्या सुमाराला तांडेल वरून ओरडले, 'मॅडम, पाणी फिरला. अर्ध्या तासान हय उभ्या रवाक गावाचा नाय.' शेवटच्या दोन चौकटी घाईत झाल्या. त्यांचे आकडे मी वहीत वेगळ्या शाईने लिहायला लावले.

द्वितीया

प्रवाळाचा दिवस. किल्ल्याच्या आसपास उथळ पाण्यात पोराइट्स, फेव्हाइट्स, टर्बिनेरिया असे प्रवाळ आहेत. टीव्हीवर दिसतात तसे फांद्यांचे रंगीत बगीचे नव्हेत. इथलं पाणी गढूळ, नद्या गाळ आणतात, म्हणून इथे टिकतात ते बहुतेक गोटे आणि थाळ्यांच्या आकाराचे. गाळ अंगावरून झटकून टाकणारे हे प्रवाळ शास्त्रज्ञांना त्याच कारणाने महत्त्वाचे वाटतात. पोराइट्सचा गोळा वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. मांडीपर्यंत उंच गोळा म्हणजे आपल्या आजीच्या वयाचा, हे सांगितल्यावर त्याच्यावर पाय ठेवायची कोणाची छाती होत नाही.

पण ठेवतात. आम्ही पाण्यात असताना शेजारच्या होडीतली माणसं प्रवाळावर उभी राहून फोटो काढत होती, आणि मासे जमावेत म्हणून बिस्किटं टाकली जात होती. नांगर प्रवाळावर पडतो, त्याच्या दोराने घासलेली गोल जागा वरूनही दिसते. दोष कोणाला द्यायचा? मासेमारी घटल्यावर याच घरांतल्या पोरांनी पर्यटनाचा धंदा धरला. खुंट्याला बांधायचे तरंगते बोये जागोजागी टाकले तर नांगर टाकावाच लागणार नाही. यात अवघड काही नाही, आणि म्हणूनच ते होत नाही याचा राग जास्त येतो.

पाण्यातून वर आल्यावर विरंजनाबद्दल बोललो. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं, ते अन्न बनवतं, रंगही त्याचाच. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंश-दोन अंशांनी जास्त काळ तापलेलं राहिलं की ही भागीदारी तुटते, शैवाल बाहेर पडतं आणि पांढरा सांगाडा आतून दिसायला लागतो. पांढरा म्हणजे मेलेला नव्हे, उपाशी. पाणी लवकर निवलं तर तो सावरू शकतो. मालवणच्या प्रवाळातही विरंजनाची नोंद झालेली आहे.

इचलकरंजीच्याला पोहता येत नव्हतं. लाइफ जॅकेट घालून तो होडीच्या शिडीला धरून तोंड पाण्यात बुडवत राहिला आणि सगळ्यांत शेवटी वर आला.

तृतीया

आज कर्ली नदीची खाडी. तारकर्ली-देवबागच्या बाजूने होडीत बसून भरतीबरोबर आत जायचं. ओहोटी आठच्या सुमाराला होऊन गेली होती. पाणी चढायला लागल्यावर निघालो, म्हणजे होडीला इंजिनाचं काम कमी.

देवबाग ही जागाच हद्दीबद्दल शिकवायला केलेली आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मध्ये माडांची आणि घरांची चिंचोळी पट्टी, आणि समुद्राच्या अंगाला दगडी बंधारे. किनारी नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९९१ची, मग २०११ची, मग २०१९ची. सगळ्यांचा पाया एकच: भरतीची सर्वोच्च रेषा, तिथून आत मोजायचं. ग्रामीण किनाऱ्यावर ना-विकास पट्टा २०० मीटरचा, आणि २०१९च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या गावांसाठी ५० मीटरचा. दाट म्हणजे २०११च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त माणसं. मुलांना म्हटलं, दाखवा भरतीची रेषा. कागलच्याने सुकलेल्या शैवालाची ओळ दाखवली, जतच्या मुलीने मर्यादवेल जिथून सुरू होते ती जागा, आणि एका घरातल्या आजोबांनी काही न विचारता अंगणातली एक पायरी दाखवली, कुठल्याशा पावसाळ्यात पाणी तिथवर आलेलं. नकाशावर मात्र रेषा एकच असावी लागते, आणि कोणाचं घर तिच्या कुठल्या बाजूला पडलं यावर कोर्टात खटले चालतात.

खाडीच्या तोंडाशी रिफ्रॅक्टोमीटरने ३४, म्हणजे हजार भाग पाण्यात ३४ भाग मीठ, दाखवले, वर जाता जाता तिशीच्या खाली आकडे आले. पावसाळ्यात याच जागी पाणी जवळपास गोडं असतं. म्हणून खाडीत कायमचं राहायचं तर दोन्ही सोसता यायला हवं, आणि ते जमणाऱ्या जाती थोड्या. थोड्या असल्या तरी प्रत्येकीची संख्या मात्र अफाट.

चिखलात उतरलो. पहिला धडा नाकाला: सडक्या अंड्यांचा वास. चिखलात काही सेंटिमीटरखाली ऑक्सिजन संपतो, तिथले जिवाणू सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. म्हणूनच तिवर या खाडीकाठच्या झाडाची मुळं चिखलातून पेन्सिलींसारखी वर येतात, श्वास घ्यायला. तिवराच्या पानाची खालची बाजू चाटून बघा म्हटल्यावर आधी कोणी तयार होईना, मग सगळेच चाटायला लागले. मीठ. तिवर पानांतून मीठ बाहेर टाकतो, कांदळ ते मुळाशीच बरंचसं गाळून घेतो. कांदळाच्या फांद्यांना हातभर लांब हिरव्या शेंगा लटकलेल्या. त्या शेंगा नव्हेत, झाडावरच रुजलेली रोपं आहेत. खाऱ्या चिखलात बी टाकून नशिबावर सोडण्यापेक्षा रोप तयार करूनच खाली सोडायचं. गेव्याच्या झाडाला हात लावू दिला नाही, त्याचा चीक डोळ्यांत गेला तर दृष्टी जाऊ शकते.

पांढऱ्या चिप्पीचं झाड तांडेलांनी दाखवलं. २०२० मध्ये महाराष्ट्राने हिला राज्याचं कांदळवृक्ष म्हणून मान दिला. हिची फुलं रात्री उमलतात आणि वटवाघळं परागीकरण करतात, त्यामुळे दिवसा बघायला आलेल्यांना खाली पडलेले पुंकेसरच दिसतात. निवट्या, म्हणजे चिखलावर चालणारे छोटे मासे, उड्या मारत होत्या. नर फिडलर खेकडे आपली एकच मोठी नांगी वर-खाली हलवत होते. जतची मुलगी त्यांच्याकडे पाहत इतका वेळ बसली की भरती तिच्या गुडघ्यापर्यंत आली.

कांदळवनं आज उभी आहेत त्यात २००५च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाचा मोठा वाटा आहे. तोडीवर बंदी आणि पन्नास मीटरच्या आत बांधकाम नाही. २०१२ मध्ये राज्याने स्वतंत्र कांदळवन कक्षच काढला. शिकणाऱ्याच्या दृष्टीने यातली गंमत अशी की आधी 'खाजण', 'पडीक' म्हणून सातबाऱ्यावर पडलेली जमीन न्यायालयाच्या कागदावर जंगल झाली. झाडं तीच होती.

चतुर्थी

संकष्टी. निम्म्यांचा उपास, आणि सकाळी किनाऱ्यावर रापण ओढली जात होती.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबच लांब जाळं. होडी एक टोक किनाऱ्यावर ठेवून समुद्रात अर्धवर्तुळ काढत जाते, दुसरं टोक दूरवर किनाऱ्याला आणते, आणि मग दोन्हीकडून माणसं ओढायला लागतात. वाटे ठरलेले असतात. दोरीला हात लावणाऱ्याला वाटा. आमच्या मुलांनीही ओढली, अर्थात वाट्याशिवाय. जाळं किनाऱ्याला लागेपर्यंत तास गेला. आत तारली होती, थोडा बांगडा, सौंदाळे, लेपा, खेकडे, आणि थुलथुलीत जेलीफिशचा ढीग. मुलांचं काम जाती आणि संख्या लिहायचं. रापणकरांचं काम जेलीफिश फावड्याने बाजूला करायचं. आमच्या नोंदीत ती 'इतर' या रकान्यात गेली होती. तांडेल म्हणाले, 'तीच पयली लिवा.'

मग वाळूत बसून ते बोलले. 'पयली एका ओढीक जितकी मासळी गावी, तितकी आता म्हयन्यात गावणा नाय.' कारण विचारल्यावर त्यांनी समुद्राकडे बोट केलं: पर्ससीन. अख्खा थवा घेरून उचलणारं जाळं. रापण किनाऱ्यावरून हलू शकत नाही. थवा किनाऱ्याला आलाच नाही तर तिला काही मिळत नाही. २०१६च्या फेब्रुवारीत राज्याने पर्ससीनवर बंधनं घातली, एलईडी दिव्यांच्या मासेमारीवरही बंदी आहे. रात्री क्षितिजावर दिवे दिसतात, ते आम्हीही पाहिले होते. राज्याची हद्द किनाऱ्यापासून १२ सागरी मैल. तिच्या आत काय चालतं ते बघायला गस्तीच्या बोटी पुरत नाहीत. इथे मी तांडेलांच्या बाजूची आहे, पण सगळाच दोष पर्ससीनचा आहे असं मी वर्गात शिकवणार नाही. तारलीचं प्रमाण नैसर्गिकरीत्याही वर्षागणिक फार वर-खाली होतं, समुद्राचं तापमान आणि पावसाळ्यातलं तळाचं पाणी वर येणं याच्याशी ते बांधलेलं आहे. दोन कारणं एकमेकांवर पडली की वेगळी करायला दीर्घकाळच्या नोंदी लागतात.

अभयारण्याचा विषय निघाला तेव्हा त्यांचा आवाज बदलला. 'झाला तेव्हा आमका कोणी इचारूक नाय.' मालवणातल्या मच्छीमारांचा विरोध तेव्हापासूनचा आहे. पहिल्या संध्याकाळी जतच्या मुलीने लिहून ठेवलेला प्रश्न तिने त्यांनाच विचारला: पिल्लं वाहत बाहेर जाणार, तर हद्दीचा उपयोग काय? तांडेल थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले की आई कुठे राहते ते बघा, पिल्लांचं सोडा. मोठ्या, अंडी देणाऱ्या मासळीला थारा मिळाला तर बाहेरच्यांनाही मिळतं, पण थारा कुठे द्यायचा ते ठरवताना आम्हाला बसवा. संरक्षित क्षेत्रांवरच्या शास्त्रीय चर्चेत हाच मुद्दा बऱ्याच पानांत मांडलेला असतो.

दुपारी उपासवाल्यांनी साबुदाण्याची खिचडी खाल्ली आणि समोरच्या ताटातल्या बांगड्याच्या तिखल्याकडे बघत राहिले. रात्री चंद्रोदयाची वाट बघणं हा तिथीशी आलेला आणखी एक संबंध. जेवायला दहा वाजले.

पंचमी

लवकर निघून वेंगुर्ल्याकडे. वायंगणीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी जाळीच्या कुंपणात जपून ठेवतात. पिल्लं सोडायला आम्ही उशिरा पोचलो. वाळूच्या उष्णतेवर पिल्लू नर की मादी ते ठरतं, साधारण २९-३० अंशांच्या वर माद्या वाढतात, म्हणून कुंपण सावलीत की उन्हात हा नुसता सोयीचा प्रश्न नाही. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्याची कासवं वेगवेगळी असा सर्वसाधारण समज होता. २०२१ मध्ये ओडिशात टॅग लावलेली मादी २०२५च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आली आणि त्या समजाला तडा गेला. टॅगचा क्रमांक ०३२३३. मुलांनी तो पाठ केला, का कोण जाणे.

दुपारी गोव्यात दोनापावला, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतून, म्हणजे साठच्या दशकातल्या त्या मोठ्या जागतिक सर्वेक्षणातून, १ जानेवारी १९६६ रोजी ही संस्था जन्मली. आम्ही गुडघाभर पाण्यात मोजत होतो तेच प्रश्न इथे हजारो मीटर खोलीवर विचारले जातात. अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत पाण्याचा असा जाड थर आहे की त्यात ऑक्सिजन जवळपास शून्य. पावसाळ्यात खालचं पाणी किनाऱ्याकडे चढतं आणि ऑगस्ट-सप्टेंबरात गोव्याच्या किनाऱ्याजवळही तळाचं पाणी गुदमरतं. सय्यद वाजिह नकवी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये 'नेचर'मध्ये मांडलं की इथलं हे ऑक्सिजन नसलेलं पाणी वाढतं आहे आणि त्यातून नायट्रस ऑक्साइड हा हरितगृह वायू सुटतो. कांदोळीसमोर समुद्रातल्या एका ठिकाणी १९९७ पासून ही मापं घेतली जात आहेत. तांडेलांच्या प्रश्नाला लागतात त्या दीर्घकाळच्या नोंदी अशाच तयार होतात: त्याच जागी, पुन्हा पुन्हा, कोणाला कंटाळा आला तरी.

व्याख्यानानंतर प्रश्न आले ते मात्र प्रवेशाचे. मी सांगितलं ते इथेही लिहिते, कोणाच्या कामी येईल. गोवा विद्यापीठात सागरी विज्ञानाचा एम. एस्सी. आहे. कारवारला कर्नाटक विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्राचं केंद्र आहे, कोल्हापूरच्या मुलांना तेच सोयीचं. कोचीनचं विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ, आणि तमिळनाडूत परंगीपेट्टई, जिथे वेल्लार नदीच्या मुखावरच वर्ग भरतात. मत्स्यशास्त्र हवं असेल तर रत्नागिरीचं शिरगाव. गणित आणि संख्याशास्त्र सोडून पळणाऱ्यांनी यातलं काहीही घेऊ नये, हे माझं मत मी तिथेही सांगितलं.

परतताना आंबोलीच्या चढावर गाडीत भांडण सुरू झालं. प्रतिपदेच्या दोन गटांचे आकडे जुळत नव्हते. बार्नॅकलचा पट्टा एकाचा सहा मीटरवर सुरू होत होता, दुसऱ्याचा साडेसातवर. खडक शेजारशेजारचे. शोधून निघालं ते असं की एका गटाने दोरीचा शून्य सुकलेल्या शैवालाच्या ओळीवर धरला होता आणि दुसऱ्याने लिटोरिना जिथे पहिल्यांदा दिसली तिथे. दोघांनाही आपलाच शून्य बरोबर वाटत होता, आणि दोघांकडेही कारण होतं. आजऱ्याला चहाच्या टपरीवर मी सांगून टाकलं की सोमवारच्या प्रॅक्टिकलला आलेख नंतर, आधी शून्य कसा ठरवला त्यावर एक पान लिहून आणायचं.

गडहिंग्लजची मुलगी तिथेच उतरली. तिचे वडील मोटरसायकल घेऊन थांबले होते. सॅक पाठीला लावून ती परत खिडकीशी आली आणि म्हणाली, 'मॅडम, कारवारचा फॉर्म कधी निघतो?'